वरच्या खिडकीतून सांडगे

चँडलरच्या उन्हाला अख्खं गाव शिव्या घालतं. सुहासिनीकाकू तेवढ्या त्याला हात जोडतात. "मे महिन्यात स्टिअरिंग धरवत नाही म्हणून रडता काय? वाळवण घाला की!" असं त्या मराठी मंडळातल्या पोरींना ठणकावून सांगतात. तीस वर्षांपूर्वी त्या पुण्याहून इथे अमेरिकेत आल्या, नवऱ्याच्या, म्हणजे रवींद्रच्या, चिप कंपनीतल्या नोकरीपायी. तेव्हापासून दर मे महिन्यात मागच्या अंगणात पांढरी चादर पसरली जाते. परातीत डाळींचं वाटण, शेजारी पाण्याची वाटी. काकू उकिडव्या बसतात, बोटं पाण्यात बुडवतात आणि एकेक सांडगा ओळीत घालत जातात. एकदा सोसायटीचा माणूस कुंपणावरून डोकावला, हे तपकिरी गोळे कसले म्हणून. काकूंनी चार तळलेले त्याच्या हातावर ठेवले. पुढच्या मे महिन्यात गडी आपणहून हजर! "काही म्हणा, त्याने विचारलं तरी," काकू कौतुकाने सांगायच्या.

एकुलता एक ईशान लहानपणी शेजारी बसायचा. सांडगे घालायचा कमी आणि ओलेच खायचा जास्त. मग काकू त्याच्या हातावर चापट मारायच्या. त्यालाही ती चापट पाठ झालेली होती, तो आधीच हात मागे घ्यायचा.

हाच ईशान कॉलेज संपवून सैन्यात गेला, तेव्हा काकूंनी दोन दिवस चूल पेटवली नाही. मग कळलं, की त्याला लढाईवर जायचंच नाही. तास-दीड तासावर वाळवंटात एक तळ आहे, तिथे एसी खोलीत बसायचं. विमान उडणार सात समुद्रांपलीकडे, तेही बिनमाणसाचं, आणि त्याच्या कॅमेऱ्यातून खालचं जे दिसेल ते ईशानने पडद्यावर बघून सांगायचं. काकूंचा जीव भांड्यात पडला. "कॉम्प्युटरचंच काम हो," त्या गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांना सांगायच्या. "बंदूक नाही, काही नाही. शनिवारी घरी येऊन वरणभात खातो." युद्धावर गेलेला मुलगा शनिवारी घरी जेवायला येतो, असं भाग्य कुठल्या आईला मिळालंय? काकूंना तर देवच पावल्यासारखं वाटायचं. रवींद्र मात्र तेवढ्यात आरतीचं ताट उचलून आत न्यायचा.

गेल्या हिवाळ्यात ईशान नोकरी सोडून घरी आला, तो वरच्या खोलीत जाऊन बसला. पडदे ओढलेले. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. दिवसा उघड्या आभाळाखाली पाऊल टाकायचा नाही. गाडीपर्यंत जायचं तरी पळत. विचारलं, की एकच उत्तर, "आय अ‍ॅम फाइन, आई." काकूंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, डॉक्टर केले, गोळ्या झाल्या. पोरगं खंगत चाललं होतं. आपला मुलगा झोपलेला बघायचा, बाकी काही नको, एवढंच काकू देवापुढे मागत होत्या.

अशात मे महिना उजाडला. तीन घरं सोडून राहणारी नागपूरची यामिनी मदतीला आली. दुपारी ऊन मी म्हणत होतं. दोघी डोक्यावर ओढण्या घेऊन चादरीच्या कडेला बसल्या आणि गप्पा मारत सांडगे घालू लागल्या. तीन ओळी झाल्या असतील नसतील, तोच मागचं दार धाडकन उघडलं. ईशान अनवाणी, सांडगे तुडवत धावत आला. "आत! आई, आत चल! नाऊ!" त्याने आईचं मनगट धरलं, यामिनीला ढकललं आणि दोघींना अक्षरशः ओढत स्वयंपाकघरात आणलं. मग तो टेबलाखाली शिरून बसला, दोन्ही हात डोक्यावर धरून.

यामिनी शहाणी. "वाटण आंबून जाईल काकू, मी उरलेलं घालून घेते," म्हणत ती बाहेर गेली. मायलेक दोघेच उरले. काकू गुडघ्यांची कुरकुर सोसत खाली फरशीवर, त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.

मग ईशान बोलला, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. सात समुद्रांपलीकडचं एक घर त्याच्या तुकडीने पडद्यावर तीन आठवडे पाहिलं होतं. एका दुपारी गच्चीवर दोन बाया आल्या. कापड पसरलं, उकिडव्या बसल्या, भांड्यातून काहीतरी काढून ओळीने ठेवू लागल्या. मधेच एकीने हात तोंडाकडे नेला. तळावरच्या खोलीत सगळ्यांनी ईशानला विचारलं, काय आहे ते? बघून सांगायचं काम त्याचंच होतं.

"आई, माझ्या मनात फर्स्ट थॉट आला, सांडगे."

"मग?"

"मग मला हसू आलं. तिथे कोण सांडगे घालणार? आणि त्या रूममध्ये मी काय म्हणू? माझी आई असं करते? सो मी म्हटलं, बॉम्बचे पार्ट्स असतील."

पुढचं त्याने एवढंच सांगितलं, धूर निवळला तेव्हा गच्ची नव्हती. बाहेर यामिनीच्या बांगड्या वाजत होत्या.

ईशानने आईचे दोन्ही हात धरले. "तू माझ्या खिडकीतून बघ ना. पडद्यावर एवढंच दिसायचं, फक्त कलर नव्हते. बघ आणि सांग. वरून ओळखू येतं का?"

काकू जिना चढल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या आपलं वाळवण वरून बघणार होत्या. देवा, काही दिसू देऊ नको, असं म्हणतच त्यांनी पडदा सारला.

खाली यामिनी पाठमोरी बसली होती. चेहरा दिसत नव्हता. काकूंनी मुद्दाम डोळे बारीक केले, रंग पुसट होईपर्यंत. तरीही दिसलंच. बोटं वाटीत बुडत होती, परातीत जात होती, गोळा कापडावर ठेवून उचलली जात होती. अशा लयीत बाई आणखी कसलं काम करते? आणि मग यामिनीने इकडेतिकडे पाहून परातीतला थोडासा गोळा हळूच तोंडात टाकला.

काकूंनी खिडकीची चौकट घट्ट धरली. बॉम्ब कोणी चाखून बघतं का? कुणालाही कळलं असतं हो, जरा थांबून बघितलं असतं तर! आणि ईशानला तर कळलंच होतं. त्या अख्ख्या खोलीत एकट्या त्यालाच कळलं होतं, आणि ते काकूंनीच त्याला शिकवलेलं होतं.

खाली आल्या तेव्हा तो जिन्याच्या तळाशी उभा होता. डोळे आईच्या चेहऱ्यावर.

"नाही रे," काकू म्हणाल्या. "वरून काहीच कळत नाही. नुसते ठिपके."

"खरंच?"

"खरंच."

"शपथ घे."

जन्मात काकूंनी पोराची शपथ घेतली नव्हती, खऱ्यासाठीसुद्धा नाही. त्यांची आई सांगायची, पोराच्या गळ्याची खोटी शपथ पोरालाच भोवते. त्यांनी ईशानच्या गळ्याला हात लावला. नस फडफडत होती.

"तुझ्या गळ्याची शपथ. मलासुद्धा ओळखू आलं नाही."

ईशान तिथेच पायरीवर बसला आणि हमसून हमसून रडला. मग सोफ्यावर आडवा झाला, तो दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी उठला नाही. रवींद्र दर तासाला येऊन त्याच्या नाकासमोर बोट धरून बघत होता. आता ईशान जेवतो. अंगणात नाही, पण समोरच्या झाडाखाली उभा राहतो. डॉक्टरांना वाटतं, गोळी बदलल्याचा गुण आला. "देव पावला, काकू," यामिनी म्हणते. काकू हो म्हणतात.

ईशानला साधी शिंक आली तरी काकू मीठ-मोहऱ्या घेऊन धावतात. शपथ आठवते.

अंगणातली चादर केव्हाच उचलली गेली, सांडगे बरणीत भरले गेले. तरी दुपारी ईशान डॉक्टरकडे गेला, की काकू वर जातात आणि पडदा सारतात. यावेळी तरी ओळखू येऊ नये, एवढीच आशा असते. खाली रिकाम्या अंगणात दोन बाया बसलेल्या असतात. त्यात यामिनी नसते, आणि काकू स्वतःही नसतात. एकजण हात तोंडाकडे नेते. काकूंना लगेच कळतं. मीठ बेताचं झालंय का, ते ती बघत असते.