तिरक्या तोट्या

आमच्या कारखान्यात चहाच्या किटल्यांना तोट्या बसवायचं काम बावीस वर्षं माझी आत्या करते. चाकावर वळलेली ओली तोटी हातात आली की ती तारेने तिचं तोंड कापते, आणि दर वेळी तिरकं कापते. किटली जणू डावीकडच्या शेजाऱ्यांच्या घरात डोकावतेय.

नव्या साहेबांना ते खपलं नाही.

"बाई, डोळे तपासून घ्या."

"कालच तपासले, साहेब. तुम्ही स्वच्छ दिसताय."

साहेबांनी पट्टी लावून सहा तोट्या स्वतः सरळ कापल्या. शेजारी आत्याच्या सहा ठेवल्या, आणि बाराही किटल्यांना बसवायला लावल्या. "भट्टीतून तुमच्या वाकड्या निघाल्या, तर त्याच दिवसापासून पॅकिंगला." पॅकिंग म्हणजे पेंढा आणि खोकी. एवढा तयार हात पेंढ्यात जाणार!

मी तिथल्याच प्रयोगशाळेत माती तपासतो, शिवाय पदविकाधारक. साहेबांनी माझं मत विचारलं. आत्याची नजर चुकवून मी म्हणालो, "दिसतात तर वाकड्याच."

"वा रे भाच्या! चहा माझ्या डब्यातला आणि मत साहेबांचं!"

ही चिनी माती. पुस्तकात केओलिन, आत्याच्या तोंडी नुसती 'पांढरी'. तिचे कण पत्त्यांसारखे चपटे असतात, भट्टीत तिच्यात मिसळलेल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजाची वितळून काच होते आणि माती मात्र आकार धरून उभी राहते, एवढं मला पाठ होतं. चाकावर ओढताना ते पत्ते पिळले जातात आणि आच लागून माल मऊ पडला की तोच पीळ पुढे सरकून तोटीला आणखी वळवतो, हे मला आत्याने सांगितलं. तेही भट्टी पेटल्यावर.

"पांढरी काही विसरत नाही रे. अगदी माझ्या वहिनीसारखी."

वहिनी म्हणजे माझी आई.

तिसऱ्या दिवशी भट्टी निवली. सगळा कारखाना दाराशी. आत्याच्या सहाही तोट्या नाकासमोर सरळ, दुधासारख्या पांढऱ्या. साहेबांच्या सहाही उजवीकडे वळलेल्या, तिकडून कुणी हाक मारल्यासारख्या. पॅकिंगच्या बायकांनी असा टाळ्यांचा कडकडाट केला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

साहेबांनी घाम पुसला. "बाई, नेमकं किती तिरकं कापायचं?"

"आधी ती पट्टी खाली ठेवा. मग सांगते."

ठेवली त्यांनी. आता दर सोमवारी नवी माणसं आत्याच्या टेबलाशी शिकायला उभी असतात, साहेब सगळ्यांत पुढे.

वाकड्या सहांतली एक किटली तिने स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलीय. चहा ओतताना कप चार बोटं उजवीकडे धरावा लागतो.