काकूंनी आधी गॅस बंद केला

दिवाळीनंतरचा रविवार. अमरावती, आमच्या अपार्टमेंटचा तिसरा मजला. हजर: शेजारच्या काकू, त्यांची मुलगी पल्लवी आणि मी. गैरहजर: काकूंचा चष्मा.

काकू एका झटक्यात घराबाहेर पडल्या, असं कधी झालं नाही. कडी लावायची, परत आत जायचं, नळ पाहायचा, खिडकी ओढायची आणि शेवटी किल्ली माझ्या हातात द्यायची. खाली रिक्षावाला भोंगा वाजवून थकायचा. काकू वरून ओरडायच्या, "थांब ना बापा! घर आहे, तंबू नाई!"

पल्लवीने पुण्याची नोकरी सोडून मोबाइलवरचा एक गेम बनवला होता. एका फ्लॅटमध्ये अडकायचं, कोडी सोडवायची, दार उघडून सुटायचं. त्यातला फ्रिज गाणी म्हणायचा, काचेच्या पेटीतला मासा टोमणे मारायचा. लोक हसायचे आणि अर्ध्यात सोडून द्यायचे. पुढच्या रविवारपर्यंत तो एका कंपनीला पाठवायचा होता. नाही जमलं, तर पल्लवी पुण्याला परत जाणार होती.

चष्मा सापडला. पल्लवीने मोबाइल आईच्या हातात दिला. काकूंनी गेममधल्या दाराकडे पाहिलंच नाही. त्यातला गॅस बंद केला, दूध झाकलं, वाळलेले कपडे आत घेतले.

"आई, तुले बाहेर निंगाचं आहे!"

"मंग? गॅस चालू ठेवून निंगू? कोन्या पोरीनं बनवलं हे?"

"मी!"

"दिसूनच राहिलं." काकूंनी चष्मा वर केला. "अन् किल्ली कोनापाशी द्याची? याच्यात शेजारीन नाई का?"

पल्लवीने लॅपटॉप ओढला. आठवडाभरात तिने आकड्यांची अवघड कोडी आणि चोरकप्पे काढून टाकले. आता घर नीट आवरलं की दार उघडतं. बाहेर शेजारीण उभी असते. तिला किल्ली दिली की सुटका. शेजारणीचा आवाज काकूंचाच: "जाय तू बिनघोर. मी आहो."

कंपनीने गेम घेतला. फोन आला तेव्हा काकू वांगी चिरत होत्या. "मासा ठेवला ना त्याईनं?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढचा गेम बनवायला पल्लवीने अकोल्यात मैत्रिणीसोबत ऑफिस थाटलं. काकूही तिकडे गेल्या. फोनवर आवाज खणखणीत असतो.

मी मात्र गेममधल्या त्या फ्लॅटमधून अजून सुटलेली नाही. काल फोनवर काकूंना उत्तर विचारलं.

"सांगून देल्यावर खेळनं कायचं वं? बाल्कनीत जाय, नीट पाय."

गेममधल्या बाल्कनीत गेले, पाहिलं. कुंड्यांना पाणी घालायचं राहिलं आहे.