आत्यांचं रान आणि तांबड्या फिती

माझे मिस्टर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंत खोट काढायची आणि संध्याकाळी मोशीला घरी आल्यावर आमटीत. त्यांच्या सख्ख्या आत्यांचं कुरुळीच्या पुढे दोन एकर उताराचं रान आहे. सुबाभूळ, बाभळी, बोरी, कडेला चार करंज. आत्या तिथल्याच दोन खोल्यांत एकट्या राहतात. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरची आणि आंघोळीचं पाणी बंबातलंच लागतं. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा ह्यांनी जाहीर केलं, "आत्या, आता रानाचं मी बघतो."

पहिल्याच रविवारी ह्यांनी पिशवीतून तांबड्या फिती काढल्या. कंपनीत नको असलेल्या सामानाला लावतात तशा. वाळलेलं, वाकडं, पोखरलेलं झाड दिसलं की बांध फीत. दुपारपर्यंत सगळं रान वरातीला निघाल्यासारखं दिसायला लागलं.

आत्या काठी टेकत आल्या आणि एका बाभळीपाशी थांबल्या.

"वाकडं म्हणून काढायचं व्हय रे?"

"सिस्टीम असते आत्या. निकामी ते आधी बाहेर."

"माझ्या मालकाचं नाक केवढं वाकडं व्हतं. पर चाळीस वर्सं संसार केला मी, फीत न्हाई बांधली!"

मी हसले. ह्यांनी माझ्याकडे रिजेक्ट झालेल्या मालाकडे बघावं तसं बघितलं.

पुढच्या रविवारी ह्यांनी मशीनच्या करवतीसकट एक माणूस आणला. पहिला नंबर होता उतारावरच्या वाळलेल्या बाभळीचा. बुंधा जाड, मध्ये ढोली. हे म्हणाले, "वर्षाचं जळण एका झाडात." खोड आतून किती पोकळ आहे ते दाखवायला ह्यांनी स्वतःच त्यावर दोन थापा मारल्या.

ढोलीतून एक गोल डोकं वर आलं. पिवळेजर्द डोळे. मग शेजारी दुसरं. पिंगळ्यांची जोडी होती. दोघांनी माना खालीवर करत ह्यांची नीट तपासणी केली. ऑडिटला आलेल्या माणसासमोर हे जसे उभे राहत असतील, तसेच उभे राहिले.

करवतीवाला मशीन खाली ठेवत म्हणाला, "राव, आत पिल्लं असणार. मी न्हाई लावत हात."

हे आत्यांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दरसाल असत्यात की. रातच्याला उंदरं टिपत्यात माझ्या घराभवती."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कवा?"

ह्यांनी बाभळीची फीत सोडली. मग शेजारच्या बोरीची आणि संध्याकाळपर्यंत सगळ्याच.

त्यानंतर शिकवणी आत्यांची. जळण सुबाभळीचं घ्यायचं, गुडघाभर बुंधा ठेवून तोडायचं म्हणजे परत फुटतं. एका वर्षी एकाच बाजूचं. बोरीच्या जाळीला हात लावायचा नाही, तिथे ससे बसतात. कोयत्याने ह्यांच्या दोन्ही तळहातांना फोड आले. पहिली मोळी ह्यांनी मोठ्या अभिमानाने चुलीपाशी नेऊन टाकली. आत्यांनी एक काटकी मोडून बघितली.

"वली हाय. धूर करंल. न्हे माघारी."

दहा-बारा वर्षांत ह्यांचा माल कुणी परत पाठवला नव्हता. मी तोंडाला पदर लावला.

पाऊस सरता सरता तोडलेल्या बुंध्यांना झुपक्यांनी फुटवे आले. एकेका बुंध्याला आठ-दहा. आत्या म्हणाल्या, "चांगलं दोनच ठिव, बाकी छाट." हे कोयता घेऊन बसले. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. सगळेच सरळ, सगळेच हिरवेगार. नाकारायला एकातही काही सापडेना. अर्धा तास झाला तरी पहिलाच बुंधा चालू होता. शेवटी आत्या माझ्याकडे वळल्या, "चल पोरी, तवर आपुन च्या ठिवू."