मागून येणारी मोकळी गाडी

सत्तरच्या दशकात पेट्रोलचा भाव एकदम चढला, तेव्हा कोल्हापुरात दोन प्रकारची माणसं झाली. काहींनी पेट्रोल वाचवायला सुरुवात केली आणि काहींनी पेट्रोल कसं वाचवावं यावर भाषणं द्यायला. मी पहिल्यांत होतो, कारण दुसरा इलाज नव्हता. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष दुसऱ्यांत होते. आम्हा दोघांची गाठ माझ्या स्कूटरवर पडली.

मी राजारामपुरीत दोन खोल्यांत राहायचो आणि हातकणंगल्याच्या पुढं, रस्त्याला लागून असलेल्या एका गावातल्या हायस्कुलात इतिहास शिकवायचो. गावाचं नाव लिहीत नाही; ते अजून आहे आणि तिथली माणसं वाचतात. नोकरी हंगामी होती. एप्रिलअखेर ‘आपली सेवा संपुष्टात येत आहे’ असा कागद हातात पडायचा आणि जूनमध्ये पुन्हा नेमणूक व्हायची. मधल्या उन्हाळ्यात मी कोणीच नसे. असे तीन उन्हाळे गेले होते. बायको दर मेमध्ये शेजारणीला सांगायची, “ह्यांना सुट्टी आहे.” ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मला कायम व्हायचं होतं, आणि कायमच्या हुकमावर सही अध्यक्षांची लागे.

स्कूटर जुनी घेतलेली. एसटीची वेळ आणि शाळेची घंटा यांचं कधी जमलं नाही, म्हणून स्कूटर. पेट्रोल परवडावं म्हणून मी जे करायचो ते त्या काळी सगळेच करायचे. उतार आला की इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, आणि उतार संपता संपता दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा; एक हिसका बसतो आणि गाडी पुन्हा बोलू लागते. आमच्या शाळेच्या गावाअलीकडं असा एक लांब, सरळ उतार होता. दिवसातला माझा सगळ्यात निवांत वेळ तोच. चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज सोडला तर काही नाही.

अध्यक्ष तंबाखूचे व्यापारी. बंगला राजारामपुरीतच, वखार जयसिंगपुरात. रोज सकाळी काळ्या गाडीतून ते वखारीवर जात आणि वाटेत शाळेत पाच-दहा मिनिटं उतरून शिक्षकांना काहीतरी चांगलं सांगत. पेट्रोल महागल्यावर त्यांनी इंधनबचतीवर बोलायला सुरुवात केली. शिक्षकांपुढं बोलले, मुलांपुढं बोलले, तालुक्याच्या सभेत बोलले. त्या सभेत मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, “सायेब, तुम्ही कशातनं आलासा?”

दुसऱ्या दिवशी शिपाई माझ्या दारात. साहेबांनी बोलावलंय, स्कूटर घेऊन.

बंगल्याच्या फाटकाशी फोटोग्राफर उभा होता. अध्यक्ष कडक इस्त्रीच्या टोपीत पायऱ्या उतरले, स्कूटरला एक फेरी मारली आणि म्हणाले, “मास्तर, आजपासनं आम्ही तुमच्या मागं बसणार. नेता स्वतः करून दाखवतोय, हे लोकांस्नी दिसाय पायजे.”

“जरूर साहेब. पण तुम्हाला पुढं जयसिंगपूरला जायचंय.”

“त्याची काळजी करू नका. गाडी मागनं येतीया की.”

म्हणजे योजना अशी होती. शाळेपर्यंत अध्यक्ष स्कूटरवर, त्यांच्या मागं त्यांची मोकळी गाडी, आणि शाळेपासून पुढं ते गाडीत. संध्याकाळी घरी परत सरळ गाडीतून, कारण अंधारात नेता कोणाला दिसत नाही. पूर्वी एवढ्या वाटेला एका गाडीचं आणि एका स्कूटरचं पेट्रोल लागायचं, आताही एका गाडीचं आणि एका स्कूटरचंच लागत होतं, स्कूटरला उलट थोडं जास्त. आणि माझी स्कूटर एकट्या माझ्या वजनाला सरावलेली होती.

मला इतिहासातली एक गोष्ट आठवली. जुन्या सरदारांच्या स्वारीत एक कोतवाल घोडा असे. नखशिखांत सजवलेला, पण वर कोणी बसलेलं नसे. तो फक्त मान दाखवायला चाले. त्यांचा पुढं चालायचा, आमचा मागून येत होता, एवढाच फरक.

पहिल्या दिवशी उतार आला तेव्हा सवयीनं माझा हात गेला आणि इंजिन बंद झालं. मागून आवाज आला, “बंद पडली व्हय?”

“नाही साहेब, बंद केलीय. उतार आहे.”

त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. मग म्हणाले, “म्हंजे आत्ता आपण फुकट चाललोय?”

“हो.”

“आनि हे तुम्ही मला आता सांगतासा? हे भाषणात पायजे होतं की.”

पुढच्याच आठवड्यात ते भाषणात आलं, ‘उतारावरील इंधनबचत’ या नावानं, आणि अध्यक्षांचा स्वतःचा शोध म्हणून. ड्रायव्हरलाही ताकीद मिळाली की त्या उतारावर त्यानंही इंजिन बंद करायचं. ड्रायव्हर पूर्वी ट्रकवर होता, निम्म्याहून जास्त आयुष्य रस्त्यावर गेलेला. त्यानं मान हलवली आणि तसं केलं. या ताकिदीमुळंच पुढचं सगळं झालं.

महिन्याभराने, धीर करून, मी कायम होण्याचा विषय काढला. स्कूटरवर एक सोय असते, एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. अध्यक्ष मागून मोकळेपणानं म्हणाले, “तुमचं काम चांगलं हाय, मास्तर. तक्रार न्हाय. पर मला एक सांगा. कायम झाल्यावर तुम्ही मला रोज मागं बसवाल व्हय?”

मी म्हणालो, “का नाही?”

“कोण बसवतंय वो,” ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “म्हणजे तुम्ही हंगामी आहात ते तुमच्या शिकवण्यामुळं नाही, तुमच्या सीटमुळं.” मग म्हणाली, “त्यांना खड्ड्यातनं न्या जरा.” खड्डे काही मला शोधावे लागत नव्हते. पण अध्यक्ष तंबाखूच्या पोत्यासारखे भक्कम बसायचे. मार्च संपत आला. चौथा उन्हाळा दिसू लागला.

आमच्या त्या रस्त्यावर एक रीत होती, अजूनही असेल. ज्या गाडीत जागा आहे, तिनं वाटेतल्या माणसाला घ्यायचं. बैलगाडी असो, उसाचा ट्रॅक्टर असो, कोणाची जीप असो. मोकळी गाडी माणसासमोरून तशीच पुढं नेली तर लोक दोन दिवस नावं ठेवतात. माज आला म्हणतात. गाडीत मालक असला तर ड्रायव्हर सुटतो, कारण थांबायचं की नाही ते मालकाच्या मर्जीवर. पण मालक पुढं स्कूटरवर आणि मागं अख्खी गाडी मोकळी, असं त्या रस्त्यानं आधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नसावं. तो थांबू लागला.

अध्यक्षांना पत्ता नव्हता. ते पुढं बघत बसायचे, ड्रायव्हर बरंच अंतर ठेवून यायचा आणि शाळेच्या अलीकडच्या वळणावर सगळ्यांना उतरवायचा. मला आरशात दिसत होतं. मी बोललो नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

मग एके दिवशी उतारावर मी इंजिन बंद केलं. मागं ड्रायव्हरनंही केलं. सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत मागून कोंबडा आरवला.

“मास्तर,” अध्यक्ष म्हणाले, “कोंबडं कुठं वरडतंय?”

मी उत्तर द्यायच्या आत बायकांचं हसणं ऐकू आलं. अध्यक्ष वळून बघू लागले, स्कूटर डुलू लागली. जड गाडी उतारावर हलक्या गाडीपेक्षा जोरात येते, हे त्यांच्या भाषणात नव्हतं. भरलेली काळी गाडी आवाज न करता आमच्या बरोबरीला आली. मागच्या सीटवर, अध्यक्षांच्या नेहमीच्या जागेवर, माळवं विकणारी एक बाई मांडीवर वांग्यांची बुट्टी घेऊन बसली होती. तिनं काच खाली केली. रोजच्यासारखी ऐसपैस बसली होती, म्हणजे ती काही पहिलीच वेळ नव्हती.

“सायेब,” ती म्हणाली, “लई झ्याक केलासा. सोता फटफटीवर बसतासा आनि आमास्नी गाडी देतासा. कोण करतंय एवढं?”

तिच्या पलीकडून एक म्हातारा, कोंबडा काखेत धरून, पुढं वाकला. “सायेब, टोपी धरा. वारं हाय.”

ड्रायव्हर सरळ समोर बघत होता. गाडी पुढं निघून गेली. उतार संपला, मी क्लच सोडला, हिसका बसला. शाळा येईपर्यंत अध्यक्षांनी टोपी धरून ठेवली होती.

ड्रायव्हरची नोकरी जाईल असं मला वाटलं होतं. पण शाळेच्या फाटकाशी वीसेक माणसं उभी होती आणि गाडीतून उतरलेली बाई त्यांना हीच गोष्ट सांगत होती, आणि अध्यक्ष उभे होते ती तालुक्याची निवडणूक जवळ आली होती. अध्यक्षांनी एकदा माणसांकडं पाहिलं, एकदा ड्रायव्हरकडं पाहिलं आणि हात जोडले. “जनतेचीच गाडी हाय,” ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत ते अडकले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी भरून येऊ लागली. तिसऱ्या दिवशी मागं टपावर चाऱ्याचा भारा दिसला. अध्यक्ष शाळेपासून पुढं ज्या गाडीत बसत तिच्यात आता मेथीचा वास आणि पिसं असायची. पण खरा घाव वेगळाच बसला. हातकणंगल्याच्या स्टँडजवळ मी रस्ता मोकळा व्हायची वाट बघत थांबलो होतो. खांद्यावर पिशवी घेतलेला एक माणूस आमच्याकडं आला आणि अध्यक्षांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “पावणं, ती फुकटची गाडी मागनं येतीया न्हवं?”

“येतीया,” अध्यक्ष म्हणाले.

“जागा हाय का बघून सांगा की.”

अध्यक्षांनी खरोखरच मागं वळून बघितलं. ते त्यांनी का केलं, मला अजून कळलेलं नाही. नंतर पुष्कळ वेळानं ते स्वतःशीच म्हणाले, “कंडक्टर केलंय मला.”

स्कूटरवरून उतरायचं तर होतं, पण ‘नेता गाडीत परत बसला’ हे लोकांना दिसू द्यायचं नव्हतं. त्याला काहीतरी उदात्त कारण हवं होतं. ते त्यांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेच्या वर्षअखेरच्या समारंभात सापडलं.

भाषण लांबलं. इंधन, त्याग, शिस्त, सगळं झालं. मग ते थांबले आणि माझ्याकडं हात केला. “आमचे हे मास्तर आजपर्यंत आम्हाला आपल्या मागं बसवून आणत आले. पण आता ते संस्थेचे कायम शिक्षक आहेत. गुरुजनाला सारथी करणं आमच्या मनाला पटत नाही. जनतेनं आम्हाला माफ करावं. उद्यापासून आम्ही आमच्या गाडीतून येऊ.”

मी कायम झालोय, हे मला त्या वाक्यात कळलं. मुख्याध्यापकांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण ते घाईनं ऑफिसात गेले. संध्याकाळपर्यंत हुकमावर सही झाली होती. घरी तो बायकोला दाखवला. तिनं तो दोनदा वाचला आणि विचारलं, “कोंबडा कुणाचा होता, ते विचारलंत का?”

अध्यक्ष गाडीत परतले. काचा वर. मालक आत असल्यामुळं ड्रायव्हर आता थांबत नव्हता आणि त्याला कोणी नावंही ठेवत नव्हतं. निवडणूक ते नेहमीप्रमाणे जिंकले.

त्या उन्हाळ्यात मी प्रथमच सुट्टीवर होतो. जूनमध्ये शाळा उघडली. वाटेतल्या थांब्यावर ती माळव्याची बाई बुट्टी घेऊन उभी होती. माझ्या मागची जागा मोकळी होती. तिनं हात केला नाही, नुसतं बघितलं. मी थांबलो. बुट्टी मी पायाशी ठेवून घेतली, ती मागं बसली, पदर खोचून.

उतार आला. मी इंजिन बंद केलं.

“बंद पडली व्हय, मास्तर?”

“नाही. बंद केलीय. पेट्रोल वाचतं.”

उतार अर्धा झाला. खाली गाव दिसू लागलं. बाजाराची माणसं, पारावर बसलेली माणसं. मागून ती जरा अवघडून म्हणाली, “चालू करा की वो. गावात शिरताना जरा आवाज पायजे. माणसांनी बघाय पायजे.”

मी इतिहासाचा माणूस. स्वाऱ्या आणि मिरवणुकांबद्दल माझी मतं मी वर्गात पुष्कळदा सांगितलेली होती. पण मी कायम होतो, आणि तेवढं पेट्रोल आता परवडत होतं. अर्ध्या उतारावरच दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला.