बाबांची बोटं आणि आईचा नंबर

माझ्या बाबांच्या बोटांना ठसा नाही. कधीतरी असणार, पण अठ्ठावीस वर्षं लोकांच्या फरश्या घासता घासता तोही घासला गेला. फरशी-पॉलिशच्या कामात घासायचे दगड नंबरानं ओळखतात. आधी साठ नंबर, सगळ्यात खरबरीत, मग ऐंशी, मग एकशेवीस, असं करत करत शेवटी फरशीत तोंड दिसतं. शाळेआधी मला आकडे बाबांनी शिकवले. त्यामुळे पहिल्याच दिवशी बाईंनी "आकडे म्हण बघू" म्हटल्यावर मी खणखणीत आवाजात "साठ, ऐंशी, एकशेवीस" म्हणून मोकळी झाले होते. आईनं ही गोष्ट निदान दोनशे लोकांना तरी सांगितली असेल.

आता मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे घरात बटण असलेली कुठलीही वस्तू अडली की बाबा म्हणतात, "मास्तरणीला विचारा." आईबाबांना टचचा फोन मीच आणून दिला. कुलूप बोटानं उघडायचं ठरवलं आणि बाबांचा अंगठा टेकवला. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं, दहाही झाली. आईला हसू आवरेना.

"अहो, आता पायाचं लावून बघा!"

बाबाही हसले. नंतर मात्र बराच वेळ हात उजेडात धरून बघत बसले होते.

आईचं बोट पहिल्या फटक्यात लागलं. तेव्हापासून फोन दोघांचा आणि किल्ली आईकडे. गिऱ्हाइकांकडून खोल्यांचे फोटो मागवणं, नकाशावर पत्ता शोधणं, विजेचं बिल, गॅसचा नंबर लावणं, सगळं तिनं तीन महिन्यांत शिकून घेतलं. बाबांना काही बघायचं असलं की ते फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. आई भांडी विसळता विसळता हात पुसायची, बोट टेकवायची आणि म्हणायची, "जा, खेळा."

बोटाच्या जोडीला चार आकडी नंबरही होता. मी एक-दोन-तीन-चार ठेवला होता, तो आईनं बदलला. "हा तर चोराच्या पोरालाही सुचेल," म्हणाली. मला काही सांगेना. "तुला कशाला? तू माझ्या फोनमध्ये नाक खुपसशील. तुझ्या बाबांना सांगितलाय मी." आणि खरंच सांगितला होता, एकदा नव्हे, दहादा. दर वेळी बाबांचं उत्तर एकच, "मला कशाला? तू आहेस ना."

मागच्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली आणि सहा आठवड्यांत सगळं आटोपलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीसुद्धा ती बाबांसाठी गुडघ्याला बांधायच्या नव्या गाद्या शिवत बसली होती. दिवसभर गुडघ्यांवर बसून काम, गाद्या वर्षभरात फाटतात. मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, "बाजारात मिळतात त्या!" ती म्हणाली, "मिळतात गं, पण टोचतात."

दवाखान्यात एका दुपारी बाबा जेवायला खाली गेले होते. तिनं माझ्याकडून फोन मागून घेतला आणि मलाही बाहेर पाठवलं. दहा मिनिटांनी आत बोलावलं तेव्हा तिला धाप लागली होती. बाबा आल्यावर ती त्यांना म्हणाली, "तुमच्यासाठी बोलून ठेवलंय त्यात. घरी गेल्यावर ऐका. इथे नको, इथे चारचौघांत रडाल."

"घरी गेल्यावर तूच लावून दे," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

आम्ही कॉटशी उभे होतो. काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, मोठा व्यवहारी माणूस. त्यानं उशाचा फोन उचलला आणि हळूच बाबांना म्हणाला, "दादा, वहिनींचं बोट लावून उघडून घे आत्ताच. नंतर जमायचं नाही." बाबांनी आयुष्यात त्याच्यावर हात उगारला नव्हता, त्या दिवशी त्याला भिंतीपर्यंत ढकलला. "तिच्या हाताला हात लावू नकोस," एवढंच म्हणाले. मी काकाकडे रागानं बघितलं. पण खरं सांगते, काकाचं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी गप्प बसले.

घरी येईपर्यंत फोन बंद पडला. चार्ज करून सुरू केला तर तो बोटाचं नाव काढेना, आधी नंबर मागू लागला.

मग बाबा कामाला गेलेच नाहीत. जमिनीवर भिंतीला टेकून बसायचे, समोर फोन. आईची जन्मतारीख, लग्नाची तारीख, माझी तारीख, घराचा नंबर, सगळं टाकून झालं. चुकला की फोन थांबायला लावायचा, आधी अर्धा मिनिट, मग पाच मिनिटं, मग तासभर. बाबा घड्याळाकडे बघत तो तास काढायचे आणि पुन्हा चुकीचा नंबर टाकायचे. एकदा मला म्हणाले, "दहा वेळा सांगितला गं तिनं. दहा वेळा! मी एकदासुद्धा कान दिला नाही."

दुरुस्तीवाल्यानं सांगितलं ते मला आधीच ठाऊक होतं. नंबर नसेल तर सगळं पुसून फोन कोरा करायचा, दुसरा इलाज नाही. फोनमधलं आपोआप दुसरीकडे साठवून ठेवायची सोय असते, ती 'डेटा संपतो' म्हणून बंद कोणी केली होती? मास्तरणीनंच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही.

पाच आठवडे झाले. बाबा जेवेनात, दाढी करेनात, गिऱ्हाइकांचे फोन वाजून वाजून बंद झाले. हा माणूस आता या फोनसमोरून उठत नाही, अशी मला भीती वाटायला लागली. एका संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी बसले.

"बाबा, हा आता उघडणार नाही. मी कोरा करून देते. निदान वापरता तरी येईल."

त्यांनी काच एकदा सदऱ्याला पुसली. मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "तुला कळतं त्यातलं. कर."

मी केलं. सात मिनिटं लागली. फोन पुन्हा नव्यासारखा सुरू झाला, भाषा कोणती हवी म्हणून विचारू लागला. नवा नंबर काय ठेवू म्हटलं तर बाबा म्हणाले, "बघू नंतर."

तिसऱ्या दिवशी ते आईनं शिवलेल्या नव्या गाद्या घेऊन कामावर गेले. मला इतकं बरं वाटलं! मी डबा दिला, जिन्यापर्यंत पोचवायला गेले. पण अकराच्या आतच ते परत आले. चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"मशीन बिघडलं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवसापासून मात्र नेमानं जाऊ लागले. मीही माझ्या घरी परतले. बाबांना सावरलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, तेही कबूल करते.

परवा, म्हणजे आई जाऊन दहा महिन्यांनी, मी त्यांच्याकडे गेले होते. दोरीवर आईनं शिवलेल्या गुडघ्याच्या गाद्या वाळत होत्या. एकीची शिवण उसवलेली दिसली म्हणून सुईदोरा घेऊन बसले. गादी उलटी केली. आतल्या बाजूला, रोज सकाळी बांधताना बाबांना दिसेल अशा जागी, आईच्या अक्षरात शाईनं लिहिलं होतं : ६०८०. ते आकडे नंतर कोणीतरी गिरवले होते, एकदा निळ्या पेननं, एकदा काळ्या.

साठ, ऐंशी. दगडांचे नंबर. बाबांना विसरताच येणार नाहीत असे दोन आकडे तिनं शोधून काढले होते आणि त्यांना नक्की सापडतील अशा जागी ठेवले होते. काखेत कळसा होता. आम्ही पाच आठवडे गावाला वळसा घातला, आणि मग मी सगळं पुसून टाकलं. तीन दिवस, फक्त तीन दिवस थांबले असते तर!

बाबांचा फोन खिडकीत होता. तो उचलून आकडे दाबले. सहा, शून्य, आठ, शून्य. उघडला. कोऱ्या केलेल्या फोनला बाबांनी तिचाच नंबर ठेवला होता. आत गिऱ्हाइकांचे नंबर होते आणि कुठल्या कुठल्या फरश्यांचे फोटो. आई कुठेच नव्हती.

मशीन बिघडलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी गादी बांधतानाच बाबांना सगळं कळलं होतं, आणि साडेआठ महिने त्यांनी मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

मान वर केली तर ते दारात उभे होते. माझ्या मांडीवरची उलटी गादी त्यांनी पाहिली, हातातला फोन पाहिला. "बाबा" म्हटलं आणि मी रडायला लागले.

ते जवळ येऊन बसले. माझ्या हातातून गादी घेतली, सुलटी केली, आकडे आत गेले.

"वाळत घालताना अशी घाल," ते म्हणाले. "उन्हानं शाई उडते."