दसऱ्याला परतणारा भाऊ

मी मुलांसाठी अद्भुतकथा लिहितो. आठवडाभर नांदेडची नोकरी आणि रविवारी दैत्य-पऱ्या. अशा गोष्टींत तिथी फार कामाला येते. दुसऱ्या जगाचं दार रोज उघडं ठेवून चालत नाही, त्याला दिवस नेमून द्यावा लागतो. मी तो सरळ पंचांगातून उचलला. भाद्रपदाचा वद्य पंधरवडा मेलेल्यांचा. सर्वपित्री अमावास्येला ते जेवून परततात, दुसऱ्या दिवशी घट बसतात आणि दसऱ्याला माणूस शीव ओलांडतो. एवढं आयतं हाताशी असताना डोकं कशाला शिणवायचं? माझ्या पुस्तकातला हरवलेला भाऊ दसऱ्याला शीव ओलांडून घरी येतो.

माझा सख्खा भाऊ बारा वर्षांपूर्वी रेणापूरच्या घरातून कामाला म्हणून गेला, तो आलाच नाही. बारा वर्षं पत्ता नसला की माणसाला पितरांत धरतात, आणि ज्याची मरणाची तिथी ठाऊक नाही त्याचं पान सर्वपित्रीला वाढतात. यंदा चुलत्यांनी तसं सुचवलं. आई ऐकेना. शेवटी वहिनीनं फोन करून मला बोलावून घेतलं.

वहिनी अंगणवाडीत मदतनीस आहे. दर नवरात्रात आई तिलाच पहिली सवाष्ण म्हणून पाटावर बसवते, आणि ओटी भरायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघतात. त्या पाटाचा तिला वीट आला होता. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही, असे किती दिवस काढायचे, असं तिचं म्हणणं. यात तिचं काय चुकलं?

अमावास्येला सकाळी पोचलो. आईनं आजोबांचं आणि वडिलांचं अशी दोनच पानं मांडली होती. मी विषय काढताच ती म्हणाली, तूच तर लिहिलंस की तो दसऱ्याला येतो. माझं पुस्तक वहिनीनंच तिला रोज थोडं थोडं वाचून दाखवलं होतं. शिकलेला लेक छापून सांगतो म्हणजे त्याला काहीतरी कळलं असणार, असं आई धरून बसली होती.

"आई, दसरा मी मनानं घातला. मला काही ठाऊक न्हाई."

"खोटं हाय व्हय समदं?"

"हाव."

"मग त्याला घरी आणलंस कशाला?"

खरं कारण लाजिरवाणं होतं. वाट मीही बघत होतो, पण कागदावर बघायला माझं काही जात नव्हतं. पुस्तकातल्या भावाला मी बायकोसुद्धा दिली नव्हती. उगाच गोष्ट लांबली असती.

आईनं उठून तिसरं पान मांडलं. खीर वाढली, वडे वाढले, आणि कारल्याच्या भाजीचं पातेलं उचललं. पितरांच्या पानावर कारलं लागतंच. तेवढ्यात दारातून वहिनी पुढं आली आणि तिनं आईचा हात धरला.

"कारलं नका वाढू, आत्याबाई. त्यान्ला न्हाई आवडत."

हे पान वाढावं म्हणून तिनंच मला बोलावलं होतं. आईनं पातेलं खाली ठेवलं आणि त्या पानावर आणखी एक वडा वाढला.