फुलांची आडकाठी

रोज सकाळी दूध काढून झालं की पोल्दे काका घरासमोरच्या बाकावर येऊन बसायचे आणि हातातली हेझलची काठी रस्त्यावर आडवी धरायचे. शाळेत जाणारी मुलं असोत, ट्रॅक्टरवरचा शेजारी असो की सायकलवरून निघालेले पाद्री असोत, काठीपाशी थांबावंच लागे. "कुठे निघालात?" ते विचारत. उत्तर काहीही दिलं तरी चाले. मात्र त्यानंतर "जाऊ का, काका?" एवढं विचारावं लागे. विचारलं की काठी वर व्हायची. न विचारता कुणी वळसा घालून गेलंच, तर ते काहीच म्हणत नसत. फक्त संध्याकाळपर्यंत त्या माणसाची ही खोड गावभर पोचलेली असे.

आमच्या झालेस्ये गावात वाट अडवणं हा उद्धटपणा नाही, मान आहे. परगावचा नवरदेव इथली मुलगी न्यायला येतो तेव्हा गावातली बिनलग्नाची पोरं रस्त्यावर श्रांगा, म्हणजे लग्नाची आडकाठी, लावतात. सोललेला ओंडका आडवा टाकायचा, त्याला रिबिनी आणि कागदी फुलं बांधायची, बाजूला टेबल, त्यावर पांढरं कापड, दारूचा बुधला आणि पेले. नवरदेवाने बोथट करवतीने एक वेगळं लाकूड कापून दाखवायचं, गवत कापायच्या लांब दांड्याच्या विळ्याला ऐरणीवर ठोकून धार काढायची आणि शेवटी मुलीची किंमत ठरवायची. सगळं नीट केलं की आडकाठी उघडते. मग तिथे कुणाचं काही चालत नाही, मुलीच्या बापाचंसुद्धा नाही.

पोल्दे काका या पोरांचे म्होरके. अडचण एवढीच की त्यांनी लग्नच केलं नाही, त्यामुळे त्यांना पोरांतून काढणार कोण? त्यांच्या हाताखालची पोरं नवरे झाली, बाप झाली, टक्कल पडून आजोबा झाली. काका बावन्नाव्या वर्षीही पोरांचे म्होरकेच. त्यांची थोरली बहीण फानी आत्या विधवा होऊन माहेरी परतलेली. ती म्हणे, याला बायको मिळाली असती तर गावाला आडकाठी मिळाली नसती, तेव्हा गावाने त्या न झालेल्या बाईचे आभार मानावेत.

मी पुढे सांगते आहे ते घडलं तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. पण गावात ते इतक्या जणांनी, इतक्या वेळा, इतकं भांडत सांगितलंय की मला त्यातला घेवडा स्वतः खाल्ल्यासारखा वाटतो.

एक्क्याण्णवचा जून होता, गवत कापणीचे दिवस. आमचा छोटा देश जुन्या मोठ्या देशातून फुटून आदल्याच दिवशी स्वतंत्र झाला होता. चर्चसमोर लावलेल्या नव्या झेंड्याच्या घड्याही अजून मोडल्या नव्हत्या. सकाळी बातमी आली की जुन्या देशाच्या सैन्याचे रणगाडे सीमेकडे निघालेत आणि खालच्या नदीच्या पुलावर आपल्या लोकांनी खडीच्या ट्रकांनी त्यांना अडवलंय. तेव्हा पोस्टमन स्ताने अंगावर शिपायाचा सदरा आणि पायात पोस्टाचे बूट घालून आला. राखीव दलात तो गावचा प्रमुख होता. त्याने सांगितलं की मागच्या रस्त्याने पुलाकडे एकही गाडी जाता कामा नये, काहीतरी आडवं टाका.

ट्रक सगळे पुलावर गेले होते. गावात आडवं टाकण्यासारखा एकच ओंडका होता. शनिवारी लग्न होतं, त्यासाठी पोल्दे काकांनी तो तासून, रिबिनी बांधून तयार ठेवला होता. त्यांनी तो आणून रस्त्यावर टाकला. मग हात सवयीने चालत राहिले. टेबल आलं, पांढरं कापड आलं, बुधला आला. स्ताने म्हणाला, "निदान ती फुलं तरी काढ, पोल्दे. युद्ध आहे हे."

"फुलं काढली तर ते नुसतं लाकूड आहे," काका म्हणाले. "लाकडाला कोण थांबतं?"

चूक झाली ती इथेच. हे पुढे सगळ्यांनी मान्य केलं, फक्त काकांनी नाही. ओंडका आडवा टाकला असता तर तो अडथळा झाला असता. फुलं, टेबल आणि दारू ठेवली म्हणजे श्रांगा झाली, आणि श्रांगेला नियम असतात.

दुपारच्या आधी एक हिरवा ट्रक खडखडत आला. मागे दोन मोठे हंडे जोडलेले. रणगाडे नव्हते ते; रणगाड्यांचं जेवण होतं. ताफ्यापासून चुकून ते मागच्या रस्त्याला लागलं होतं. ट्रकमधून घामाघूम झालेला एक जाडजूड सुभेदार उतरला. कमरेला पिस्तूल आणि त्याच पट्ट्यात खोचलेला पळा. त्याचं नाव रातोमिर, दूर दक्षिणेकडचा, सैन्यात वीस वर्षं स्वयंपाक करणारा. स्तानेच्या हातात शिकारीची बंदूक होती. फानी आत्या सांगे की त्या क्षणी तिला दोघांची सारखीच भीती वाटली: सुभेदाराला गोळी घालायची नव्हती, स्तानेला घालता येत नव्हती, आणि अशाच वेळी गोळ्या सुटतात.

सुभेदाराने ओंडक्याकडे पाहिलं. फुलांकडे पाहिलं. कोण लग्न करतंय, असं विचारलं.

काका म्हणाले, ते तुम्हीच सांगा, कारण या रस्त्याने जायचं तर इथे एक रीत आहे. आणि त्यांनी रीत सांगितली. शेवटी म्हणाले, "रीत पूर्ण केलीत तर आडकाठी मी स्वतः उघडीन. माझा शब्द."

स्तानेने त्यांचा दंड धरला. पण शब्द गेला होता, आणि तो अर्ध्या गावाने ऐकला होता.

काकांचा अंदाज असा होता की सरकारी स्वयंपाक्याला काय येणार. करवत त्यांनी मुद्दाम सर्वांत बोथट आणली होती आणि दुसरं टोक स्वतः धरून ते ती मागे ओढत होते. सुभेदार म्हणाला की आमच्याकडे सासरा असाच असतो, आणि करवत तिरकी धरून काकांसकट लाकडातून पार नेली. विळा हातात घेतला तेव्हा तर त्याचा चेहराच बदलला. तो गवताळ डोंगरावरचा, सात भावंडांतला. मांडी घालून ऐरणीशी बसला आणि टुक टुक टुक करत असा ठोकत गेला की आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. गवत कापणीच्या दिवसांत आमच्याकडे तो आवाज प्रत्येक अंगणातून येतो. त्याने अंगठ्यावर धार पाहिली आणि विळा काकांच्या हातात दिला. काकांनीही पाहिली. तसा विळा गावात दुसऱ्या कुणाला ठोकता आला नसता, आणि हे काकांइतकं कुणालाच कळत नव्हतं.

आता एकच गोष्ट उरली होती. स्ताने कुजबुजला, "तू याला सोडलंस तर पुलावरचे रणगाडे पोट भरून उभे राहतील. मग आठवडाभर हलायचे नाहीत. आणि मी वर काय सांगू, करवत चांगली चालवली म्हणून सोडला?"

"नाही सोडला तर," काका म्हणाले, "शनिवारी कुठल्या तोंडाने आडकाठी लावू?"

फानी आत्याच्या मते काका त्या वेळी खरोखर घाबरलेले होते. त्यांच्याकडे शेत बेताचं, घर बहिणीच्या धाकातलं. गावात त्यांची म्हणून एकच गोष्ट होती, तो शब्द. त्यांनी दोन पेले भरले, एक सुभेदाराला दिला आणि म्हणाले, किंमत राहिली.

किती, सुभेदाराने विचारलं.

काकांनी हंड्यांकडे पाहिलं. "काय शिजवलंय?"

"घेवडा."

"सगळा."

सुभेदार हंड्यांकडे, मग काकांकडे पाहत राहिला. मग तो हसायला लागला, इतका की पट्ट्यातला पळा हलायला लागला. असला चोर सासरा जन्मात पाहिला नाही, असं तो म्हणाला. बायका घराघरातून भांडी घेऊन आल्या आणि त्याने स्वतः, एका दाण्याचाही हिशेब न चुकवता, पळ्याने वाढलं. वाढताना थोडा ओशाळून म्हणाला की पहाटे घाईत मीठ कमी पडलंय. हंडे रिकामे झाले तेव्हा त्याने टोपी नीट केली, ओंडक्यासमोर उभा राहिला आणि विचारलं, "जाऊ का?"

काकांनी आडकाठी उघडली. ट्रक रिकामे हंडे वाजवत पुलाकडे गेला.

संध्याकाळी तोच घेवडा, फानी आत्याने मीठ घालून पुन्हा उकळलेला, पावांसकट पुलावर गेला. बायकांनी तिथेही टेबल मांडलं. बंदूक टेबलाखाली ठेवायची, मग ताट. दिवसभर रणगाड्यांच्या लोखंडात भाजून निघालेली एकोणीस वर्षांची पोरं एकेक करून खाली उतरली. काहींनी जेवून गणवेशही उतरवले आणि गावातल्यांच्या विजारी घालून घरची वाट धरली. काकांची एक विजार त्या रात्री मॅसिडोनियाला गेली. रातोमिर मात्र राहिला. त्याने घेवड्याची चव घेतली, फानी आत्याकडे पाहून मान डोलावली, आणि काही दिवसांनी सैन्य परतलं तेव्हा रिकाम्या हंड्यांसकट त्याच्याबरोबर गेला.

दहा दिवसांत आमचं युद्ध संपलं. मग दक्षिणेकडे खरी, लांबलचक युद्धं सुरू झाली आणि आमचं त्यांच्याखाली झाकून गेलं. आमच्याकडची माणसं त्याला युद्ध म्हणतानाही जरा लाजतात. बातम्या लागल्या की काका नकाशावर बोट ठेवून तो गवताळ डोंगर शोधायचे. पोचला असेल का, एवढंच म्हणायचे.

पुढे लढ्यातल्या लोकांना बिल्ले मिळाले. स्तानेला मिळाला, खडीच्या ट्रकवाल्यांना मिळाला. काकांना नाही. ठरवणारी मंडळी शहरातून आली होती. त्यांनी ग्रामसभेत विचारलं की तुम्ही शत्रूचं वाहन सोडलंत हे खरं का. काकांनी हो म्हटलं. स्ताने उठून घेवड्याचं सांगू लागला, तर कुणीतरी हसलं. तेव्हा काका म्हणाले, "ते सैन्य चाळीसेक वर्षं या रस्त्यावरून जात-येत होतं. माझी कोंबडी मेली त्याच्या चाकाखाली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यातल्या एकाने विचारलं, जाऊ का. मला वाटलं, देश झाला म्हणजे हेच झालं." मंडळींनी ऐकून घेतलं, आणि बिल्ला दिला नाही. त्यानंतर दारूच्या दुकानात त्यांना उगीचच कुणी 'रस्ता उघड, पोल्दे' म्हणे. ते हसत. पण शनिवारच्या श्रांगांना ते जाईनासे झाले, आणि बाकावर ती काठी मात्र तेव्हापासून आली.

विसाव्या वर्षी पुलावर शिळा बसवायची ठरली. राजधानीतून एक मोठे पाहुणे येणार होते, आणि उशीर झाला म्हणून त्यांची काळी गाडी मागच्या रस्त्याने आली. रस्त्यावर ओंडका होता. रिबिनी, कागदी फुलं, टेबल, बुधला. बाजूला बहात्तर वर्षांचे काका. आणि त्यांच्या मागे, हे मी स्वतः पाहिलं, अख्खं गाव रांगेत उभं. स्ताने सगळ्यांत पुढे, छातीवर बिल्ला आणि हातात करवत. ओंडका कुणी तासला हे कुणी सांगत नव्हतं, पण त्याच्या कोटाच्या बाहीला भुसा होता.

पाहुण्यांनी आधी घड्याळ दाखवलं, मग भाषणाचा कागद. पुलावर बँड थांबलाय असं सांगितलं. गाव हललं नाही. शेवटी त्यांनी कोट काढून करवत धरली. काकांनी दुसरं टोक जेमतेमच मागे ओढलं, म्हातारपणामुळे की दयेपोटी, कोण जाणे. विळ्याला तर पाहुण्यांनी घाबरून हातच लावला नाही, तेव्हा काकांनी तो त्यांना माफ केला. मग ते पाहुण्यांकडे बघत नुसते उभे राहिले. फानी आत्या मोठ्याने म्हणाली की साहेब, विचारायचं असतं.

"जाऊ का?" पाहुणे म्हणाले.

काकांनी आडकाठी उघडली. गावाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या पाहुण्यांसाठी नव्हत्या हे पाहुण्यांनाही कळलं असावं. पुढच्या शनिवारी लग्न होतं. पोरं काकांना बोलवायला आली, आणि ते गेले.

त्यानंतर काही वर्षं ते होते. फानी आत्या आधी गेली, आणि घर सांभाळायला काका एकटे राहिले. त्यांच्या शेवटच्या सकाळी मी दुकानाला निघाले होते. काठी रस्त्यावर होती, पण इतकी खाली वाकलेली की सहज ओलांडता आली असती. मी थांबले. विचारलं.

"जा," ते काठी उचलत म्हणाले. "येताना मीठ आण. घेवडा भिजत घातलाय."